पुंडलिकच्या लेकीची पत

ज्या माणसाचं कुणाचंच देणं नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं असतं. प्रगत देशांना हे तत्त्व फार आधी कळलं. कर्नाटकातल्या नंदिगड्ड्याच्या पुंडलिकला ते गेल्या वर्षी कळलं, तेही साठी उलटल्यावर. (उशिरा का होईना, ज्ञान ते ज्ञान.)

तोवर बिचारा अंधारात होता. बियाणं असो की बायकोच्या, पार्वतीच्या, बांगड्या, रोख मोजायचा आणि ताठ मानेनं घरी यायचा. शेजारच्या झिलूचा कोयता मागून आणला तर सांज व्हायच्या आत, वर धार लावून, परत. अशा बेजबाबदार घरात वाढलेली त्याची लेक सुप्रिया नर्स होऊन कॅनडाला गेली. नवरा किरण आणि दोन वर्षांची मयूरी नंदिगड्ड्यातच राहिली. तिकडं भाड्यानं घर मिळालं की दोघांना न्यायचं ठरलं होतं.

घरमालकानं सुप्रियाचा पगार विचारला नाही, स्वभाव विचारला नाही. उधारीचा इतिहास विचारला. तो तिला नव्हता. इथल्या बँकेच्या लेखी ती अनिवासी, तिथल्या बँकेच्या लेखी परकी. म्हणजे कागदोपत्री ती मधल्या समुद्रात कुठंतरी राहत होती.

पुंडलिकला हा घराण्याचा अपमान वाटला. त्यानं पंचायतीतून गोल शिक्क्याचा दाखला आणला: सदर कुटुंबानं तीन पिढ्यांत कुणाकडून एक पैसाही उसना घेतलेला नाही. किरणनं कन्नडाचं इंग्रजी करून तो पाठवला. घरमालक घाबरलाच. तीन पिढ्यांत ज्यांना कुणी एक पैसा दिला नाही, त्यांना तो फ्लॅट देणार होता!

शेवटी तिथल्या बँकेनंच मार्ग दाखवला. स्वतःचे पाचशे डॉलर बँकेत ठेवायचे, त्यांच्या जोरावर क्रेडिट कार्डानं बँकेकडून उसने घ्यायचे आणि वेळेवर फेडायचे. सहा महिने असं केलं की माणसाच्या नावापुढं एक आकडा उगवतो. तीनशे म्हणजे चोर, नऊशे म्हणजे देव. मधले सगळे भाडेकरू.

पण सुप्रिया पडली पुंडलिकची लेक. कार्डावर दूध घेतलं की रात्री जेवायच्या आधी पैसे भरून मोकळी. "देणं ठेवून झोप कशी लागंल, आप्पा?"

"व्हय बाय, शाब्बास!" म्हणून पुंडलिकनंच पाठ थोपटली. परिणाम असा की बिल निघायच्या दिवशी देणं दरवेळी शून्य, आणि इतिहासही शून्य. बँकेच्या लेखी तिनं सहा महिन्यांत काही खाल्लंच नव्हतं.

यावर गावात रीतसर पाहणी झाली. (ती पार्वतीनं पाणी भरताना केली, नमुना चार बायका आणि एक झिलू.) दोष पुंडलिकच्या वळणाचा, असं शंभर टक्के मत पडलं. पार्वतीनं अहवाल घरी सादर केला. "तुमचा ताठा घाला चुलीत! पोर आईवाचून वाढायलीया, दिसतंय न्हवं?"

पुंडलिक फोन घेऊन रेंज येते त्या टेकाडावर चढला. उभ्या जन्मात जे तोंडातून काढलं नव्हतं, ते त्यानं काढलं. "बाय, दूध घे. पैसे ऱ्हाऊ देत. लगेच भरू नगंस. बिल येस्तवर थांब, मग फेड."

सुप्रियानं विचारलं, "तुमीच सांगालाय न्हवं, आप्पा?"

"मीच सांगालोय," म्हणून तो टेकाड उतरला.

पुढं सगळं सुरळीत झालं. दर महिन्याला थोडं देणं राहत गेलं, तसं चारित्र्य सुधारत गेलं. आकडा उगवला, फ्लॅट मिळाला, किरण मयूरीला घेऊन गेला.

आता रामनगरच्या बाजारात पुंडलिक दिसला की माणसं थांबवून विचारतात, "काय आप्पा, लेकीचा आकडा किती झाला म्हणं?" तिकडं मयूरी आईला बघून किरणच्या पाठीमागं लपली, आईच्या मांडीवर बसायला तिनं आठवडा घेतला, आणि तो आठवडाभर सुप्रिया न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. हे कुणीतरी विचारावं, असं पुंडलिकला फार वाटतं. कुणी विचारत नाही.

तुम्हालाही, खरं सांगा, आकड्याचीच ओढ लागली होती. घ्या: सातशे अकरा.