गुरुवारची मुलाखत

राष्ट्रपतींनी साहेबांना माफी दिल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा वहिनी साहेबांच्या सदऱ्याला बटण लावत होत्या. तुरुंगात त्या सदऱ्याचा काही उपयोग नव्हता, तिथले कपडे तुरुंगच पुरवत असे. पण माणूस घरात नसला तरी त्याची बटणं जागेवर असावीत, असं वहिनींना वाटे. बातमी ऐकताच त्यांनी सुई बोटात टोचून घेतली, "आई गं!" म्हणाल्या, आणि ते बोट तोंडात धरून बराच वेळ रडल्या.

साहेब म्हणजे माजी मंत्री. त्यांचा गुन्हा असा, की मंत्री असताना त्यांनी बायकोला एकदा सरकारी गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पुढे सरकार बदललं आणि नव्या सरकारला एकाएकी त्या गाडीची आठवण झाली. नवे मंत्री स्वतः सरकारी गाड्यांतून सासुरवाडीला सहली घडवत होते, पण तिकडे सरकारी वकिलाचं लक्ष काही गेलं नाही. खटला राजकीय आहे हे साऱ्या शहराला कळत होतं, फक्त न्यायालयाला सोडून. वहिनींचं दुःख जरा निराळं होतं. उभ्या संसारात नवरा त्यांना एकदाच कुठे घेऊन गेला होता, आणि नेमकं तेच नडलं.

माफी मिळाली आणि पहिल्यांदा कोण रुसलं असेल, तर ते साहेब.

"माफी गुन्हेगाराला देतात," गुरुवारी मुलाखतीच्या खोलीत ते जाळीपलीकडून म्हणाले. "मी काय केलंय? स्वीकारतो म्हणून सही मागताहेत. मी करणार नाही."

"नका काही कबूल करू. नुसतं घरी या."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग तत्त्वही घेऊन या. घरात जागा आहे."

पक्षालाही साहेब आतच बरे वाटत होते. पीएने वहिनींना तसं स्पष्टच सांगितलं होतं. "निवडणूक तोंडावर आलीय, वहिनी. साहेब आत आहेत तोवर मतं आपल्याकडे आहेत. बाहेर आले की ते बोलणार, आणि ते बोलले की काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे."

वहिनींना मतांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना साहेबांना एक गोष्ट सांगायची होती. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करायला सांगितलं होतं आणि त्यांना फार भीती वाटत होती. पण तुरुंगातल्या माणसाच्या जिवाला आणखी घोर कशाला, म्हणून ते त्यांनी घरी आल्यावर सांगण्यासाठी राखून ठेवलं होतं.

"घर खायला उठतं हो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दार वाजलं की अजूनही वाटतं, तुम्हीच आलात."

 साहेब हवालदाराकडे वळून म्हणाले, "आणा तो कागद."

सुटकेच्या दिवशी वहिनी डबा घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. फाटक उघडलं. साहेबांना त्या दिसल्या आणि त्यांनी हात वर केला. तो हात आपल्यालाच उद्देशून आहे असं सगळ्या गर्दीला वाटलं आणि गर्दीने त्यांना खांद्यावर उचललं. "वहिनी, तुम्ही व्हा पुढे," पीए जाता जाता ओरडला, "साहेब आलेच!" साहेब सारं शहर फिरून दिवेलागणीला आले. मागोमाग घरात इतकी माणसं शिरली की वहिनींना स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला "जरा सरकता का?" म्हणावं लागलं. डबा कुणीतरी आधीच संपवला होता.

त्या दिवसापासून दाराशी चपलांचा ढीग आणि बैठकीच्या खोलीत बैठक. वहिनी बोलायला गेल्या की साहेब फोनवर हात ठेवून म्हणत, "एवढं बोलून घेतो." ते एवढं काही संपत नसे. शेवटी वहिनींनी पीएला गाठलं.

"मला साहेबांशी जरा बोलायचं होतं."

पीएने मोबाइलमध्ये बोट फिरवलं. "काही विशेष?"

"विशेष असं नाही. बायको आहे मी त्यांची."

"हो हो, ते आहेच. पुढच्या आठवड्यात बघू या का?"

तुरुंगात असताना साहेब दर गुरुवारी अर्धा तास त्यांच्यासमोर बसत. फोन नाही, पीए नाही, समोर फक्त बायको. सुरुवातीला त्यांना काय बोलावं सुचत नसे. पुढे पुढे ते शेजारणीच्या मांजरापासून गळक्या नळापर्यंत सगळं विचारू लागले होते. वहिनींना आता त्या अर्ध्या तासाची इतकी आठवण येई, की त्यांना स्वतःचीच लाज वाटे. नवरा तुरुंगात होता तेच बरं होतं, असं कुठली बायको म्हणते?

गुरुवार उजाडला. वहिनींनी बटाट्याची भाजी केली, डबा भरला, बस पकडली आणि तुरुंगाच्या दाराशी उतरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"ताई, साहेब सुटले ना?" हवालदार चक्रावला. पण बोलता बोलता नेहमीप्रमाणे त्याने डबा उघडून तपासलासुद्धा.

"सुटले हो. सवयीने आले. आलेच आहे, तर बसू का घटकाभर?"

हवालदाराने मुलाखतीची खोली उघडून दिली. वहिनी बाकावर बसल्या, रिकाम्या जाळीकडे बघत राहिल्या, आणि एवढ्यात धापा टाकत साहेब आत आले.

"तू इथे?"

"तुम्ही इथे?"

"कार्यकारिणीची बैठक चालली होती," साहेब ओशाळून म्हणाले. "मुलाखतीची वेळ झाली आणि मी उठलोच. अध्यक्षांचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. रस्त्यात आल्यावर कळलं, मी कुठे निघालोय ते."

हवालदाराने डोकं खाजवलं. "नियमाने मुलाखत कैद्याशीच होते. तुमच्यापैकी कैदी कोण?"

"मीच लिहा," साहेब म्हणाले. "घरी विचारा हवं तर."

दोघं एका बाकावर शेजारी शेजारी बसली. साहेबांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. वहिनी पदराशी चाळा करू लागल्या. कुणालाच बोलणं सुचेना. मग साहेब उठले, फोन हवालदाराच्या टेबलावर ठेवला, मधल्या दाराने वळसा घालून जाळीपलीकडच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

"हं. बोल."

आणि वहिनी बोलल्या. डोळ्याचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, डब्याचं, पीएचंही. साहेब एकदाही "एवढं बोलून घेतो" म्हणाले नाहीत.

"मी येतो बरोबर," ते म्हणाले. "ऑपरेशन होईपर्यंत दाराशी बसतो."

"कशातून नेणार?"

"टॅक्सीने. अनुभव आहे."

वहिनी हसल्या आणि त्यांनी दोन्ही डोळे पुसले.

तेवढ्यात बाहेर पीएचा आवाज आला. "साहेब आहेत का आत? टीव्हीवर दाखवताहेत, त्यांनी पक्ष सोडला! अध्यक्षांच्या भाषणातून उठून गेले म्हणे! निम्मे लोक त्यांच्या पाठोपाठ राजीनामे देताहेत!"

"मुलाखत चालू आहे," हवालदार म्हणाला. "एका वेळी एकच माणूस. नियम आहे."

"अहो, पक्ष फुटतोय!"

"फुटू दे. घंटा झाल्यावर बघू."

त्या दिवशी घंटा बऱ्याच उशिराने झाली. हवालदार म्हणाला, घड्याळ मागे पडलंय. ती ऐकताच साहेब उठले आणि सवयीने आतल्या कोठड्यांकडे चालू लागले.

"अहो," जाळीला बोटं लावून वहिनी म्हणाल्या, "दार इकडे आहे."

साहेब वळले. दाराशी दोन्ही हातांत फोन घेऊन उभा असलेला पीए त्यांना दिसला, आणि ते पुन्हा जाळीजवळ आले.

"पुढच्या गुरुवारी?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथेच या," वहिनी म्हणाल्या. "घरी गर्दी असते."