उणे ऐंशीच्या फ्रीजरावरील स्वारी व म्हाताऱ्या मूत्रपिंडांची सुटका

समस्त प्रयोगशाळा, तेथील बाटल्या, नळ्या व त्या धुणारे यांस कळावे, हकीकत ऐसीजे. मूत्रपिंडांचे प्रयोगशाळेत एक संशोधिका होती. मूत्रपिंडावाचून दुसरा विषय तोंडी नाही, सबब सारा मजला तिला मूत्रपिंडताई म्हणे. तिचे संशोधन पेशीच्या आपलेआप होणाऱ्या साफसफाईचे. म्हणजे ऐसे की, पेशीत जे मोडले-झिजले ते पेशी पिशवीत बांधते, आणि आपल्याच भट्टीत जिरवते, आणि कामाचे तुकडे पुन्हा वापरास घेते. मूत्रपिंडाच्या पेशींस रक्त गाळण्याचे चाकरीतून रजा म्हणोन नाही; ही सफाई चालली तोवर दौलत शाबूत. वय जाहले म्हणजे सफाई मंदावते, आणि कचरा साचतो, आणि मग आजाराची फौज आली तर वेशीवर अडवणारा कोणी राहत नाही.

भुकेली पेशी साठला कचराच मोडून खाते म्हणतात; तेणे हे रोखता येते काय, हे पाहण्यास ताईने उंदीर पाळिले, आणि काहींस पोटभर व काहींस बेताचे खाऊ घातले, आणि ते म्हातारे होईतो वाट पाहिली. उंदरास लवकर म्हातारा हो म्हणोन फर्मान सोडता येत नाही. मग त्यांची मूत्रपिंडे एका डबीत घालून उणे ऐंशी अंशांचे फ्रीजरात ठेविली.

त्या फ्रीजराचे धनी प्रमुख सर. पेशीच्या सफाईवर व्याख्यान देण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु त्यांचे फ्रीजरातून आजवर एक डबी बाहेर गेली नव्हती. मग डब्यांवर डब्या, आणि त्यांवर बर्फाचे बुरूज, आणि एके सकाळी दाराने मिटण्यास साफ इनकार केला, आणि भोंगा वाजू लागला, आणि आतील थंडी घटू लागली. ताईची डबी बर्फाचे तटामागे कैद.

मग तिने मसलत करून समोरच्या यकृतवाल्यांकडे स्वतः वकिली केली. तेथील मुख्य मॅडम ह्या सरांचे कुटुंब. त्यांचे फ्रीजरात एक कप्पा मोकळा होता. मॅडमांनी सर्व मजकूर ऐकिला, आणि तहाचे कलम घातले ते येणेप्रमाणे: "देते की जागा. पण बिननावाची एकही डबी माझ्याकडे येणार नाही. आणि ती टाकायची यांनी, स्वतःच्या हातानं. लग्नापासून वाट बघतेय मी."

कलम ऐकोन सरांचा चेहरा उतरला. त्यांनी एक डबी हाती घेतली, आणि फुंकर मारिली. नाव नाही, तारीख नाही.

"हिच्यात काहीतरी महत्त्वाचं होतं," सर म्हणाले.

"काय होतं, सर?"

"ते आठवत नाही, म्हणून तर ठेवलीय."

भोंगा तो ओरडतच होता. मग आजवर सरांपुढे मान वर न केलेल्या ताईने धीर एकवटिला. "सर, पेशी असं म्हणायला लागली की मूत्रपिंडाचं काय होतं, हे मला तुम्हीच शिकवलंत."

डबी कचऱ्यात गेली. मग दुसरी, आणि मग दहा, आणि मग सरांस ऐसे स्फुरण चढले की आवरता आवरेनात. यकृतवाल्यांची कुमक आली, आणि नाव असलेल्या डब्या त्यांचे आश्रयास रवाना जाहल्या, आणि प्लास्टिकची फावडी घेऊन बर्फावर हल्ला चढविला. ताईचे मोजे भिजले, चष्मा धुक्याने भरला, आणि तिला हसू फुटले ते थांबेना. इतक्यात सर बेभान होऊन नावाच्या डबीसही हात घालिते जाहले. ताईने मनगट धरिले. कारण सफाईचा अतिरेक जाहला तर पेशी स्वतःसच खाऊन बसते, हेही शास्त्रात नमूद आहे.

तट ढासळला, डबी मिळाली, आतील ऐवज कडक गोठलेला, शाबूत. दार मिटले, भोंगा निमूट जाहला.

मग ताईने काप काढिले, आणि त्यांस रंग दिला, आणि सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला. पोटभर खाणाऱ्या म्हाताऱ्यांचे पेशींत कचऱ्याचे ढीग. बेताने जेवलेल्यांच्या पेशी त्या मानाने लख्ख. माणसाचा इलाज अद्याप बहुत दूर, परंतु वाट दिसली. ताई धावत जाऊन सरांस घेऊन आली, मागोमाग मॅडम, आणि आधी कोणी पाहावे यात उभयतांची डोकी आपटली. सरांनी पाहिले, आणि ताईचे पाठीवर थाप दिली.

येणेप्रमाणे मूत्रपिंडवाल्यांची फत्ते जाहली. यकृतवाल्या मॅडमांनी बराच वेळ पाहोन ती मान्य केली, आणि निघताना इतुकेच कळविले: "माझेही उंदीर म्हातारे होत आलेत. मग बघू."