डोळे बांधून भाकर

किसनभाऊंच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नसे. आधी त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं जाई. अमडापूरच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि शेजारी ओळख करून घ्यायला गेलो, तर या गृहस्थानं 'राम राम' व्हायच्या आत माझे डोळे बांधले आणि तोंडात भाकरीचा तुकडा सारला.

"सांगा मास्तर, गावरान का हायब्रीड?"

संकरित ज्वारी तेव्हा नुकतीच आली होती आणि येतानाच बदनाम झाली होती. तिची भाकर बेचव, तिनं पोट दुखतं, केस गळतात, असं सगळं गाव सांगे. खाल्ली मात्र कोणीच नव्हती. किसनभाऊंनी ती दोन एकर पेरली आणि हट्टाला पेटले.

"नुस्तं नाव आयकून थुकता काऊन बे? डोये बांधा, मंग बोला!" हे त्यांचं पालुपद.

परीक्षेचे नियम कडक. आधी चूळ भरायची. कांदा-मिरची बंद. हसलं की बाद. हायब्रीडच्या नावानं बोटं मोडणारे पाटील डोळे बांधल्यावर तिलाच "वा, अस्सल गावरान!" म्हणाले आणि महिनाभर आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. मग किसनभाऊंनी बैलाचे डोळे बांधून त्याच्यापुढे दोन्ही कडबे टाकले. बैलानं लाथ घातली.

"बैल पाटलाकडून घेतला हाये, त्याचं मत धरू नका," असं ते आठवडाभर लंगडत सगळ्यांना सांगत होते.

एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, ज्वारीची एवढी काळजी कशाला?"

"जवारीचं काय घेऊन बसले, मास्तर," ते म्हणाले आणि चुलीकडे बघत राहिले.

चुलीपुढे त्यांची मुलगी सुमन बसली होती. आई लहानपणीच गेलेली. "हिच्या हाताले चवच नाही" म्हणत सासूनं तिला नांदुऱ्याहून माघारी धाडलं होतं. नवरा भला, पण आईपुढे गप्प. गावातल्या बायका तेच कुजबुजत. आणि गावानं डोळे बांधून वाखाणलेली प्रत्येक भाकर सुमननंच थापली होती. इतके दिवस शेजारी राहून माझ्या डोक्यात हे शिरलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

पुढे विहीणबाई एका लग्नासाठी गावात आल्या. किसनभाऊंनी त्यांना घरी बोलावलं. उपरणं माझ्या बायकोनं बांधलं. ताटात दोन भाकरी होत्या, पहिली बायकोची, दुसरी सुमनची. बायकोच्या हाताचं गावात नाव होतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला.

"जवारीचीच परीक्षा ना?" विहीणबाईंनी विचारलं.

"हाव, जवारीचीच," किसनभाऊ म्हणाले.

विहीणबाईंनी दोन्ही चाखल्या. "दुसरी. अशी भाकर आमच्या घरी होत नाही."

"होत होती, इहीनबाई. सुमननं थापली."

उपरणं सुटलं. विहीणबाईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, उरलेली भाकर मुकाट्यानं संपवली आणि म्हणाल्या, "चाल बाई, घरी."

सुमनला जायचंच होतं, फक्त खाली मान घालून नव्हे. बायको मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू निकाल मीच दिला होता.

आठ दिवसांनी किसनभाऊ आमच्याकडे जेवायला आले. पानावर बसले आणि त्यांनी स्वतःचेच डोळे बांधले.

"आता कोणाची परीक्षा, भाऊ?"

"कोणाचीच नाही. वाढा, वहिनी." ते सावकाश चावत राहिले. "डोये बांधले का सुमननंच वाढली असं वाटते."

बायकोनं तव्यावरची गरम भाकर त्यांच्या ताटात हळूच ठेवली.