डबीर साहेबांची जीभ

देवानंद घाटोळेने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, पण त्या रविवारी त्याचं सगळं भवितव्य एका स्कॉचच्या बाटलीत होतं. पोलाद कारखान्याच्या मरोद्यातल्या क्वार्टरमध्ये जागा इतकी कमी, की म्हातारी आई स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय आखडून झोपायची. सेक्टर दहातल्या मोठ्या क्वार्टरची शिफारस डबीर साहेबांच्या हातात होती. साहेब विलायतेत ट्रेनिंग करून आलेले. तिथून पोलादाचं ज्ञान किती आणलं हे कुणाला सांगता येत नसे, पण व्हिस्कीचं आणलं होतं हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक होतं. ग्लास नाकाशी धरून ते मध, लाकूड, धूर असं एकेक ओळखत आणि हाताखालचे लोक माना डोलवत.

दुबईच्या मेहुण्याने दिलेली बाटली देवानंदने सकाळीच फोडली, एकदा हुंगली आणि शहारून फ्रीजच्या दारात ठेवली. तिथे आधीच तशा बाटल्यांची रांग होती. विलायती दारूची रिकामी बाटली टाकायची नाही, लेबल न काढता घासून पाणी भरायचं, ही तिथल्या घराघरातली रीत. त्यातल्याच एकीत त्याच्या बायकोने, ताराने, मेंदीसाठी लोखंडी कढईत रात्रभर मुरवलेला काळा चहा गाळून ठेवला होता. साहेबांबरोबर त्यांच्या पत्नी वसुंधराबाई येणार होत्या आणि त्यांना ताराच्या हातची मेंदी केसांना लावून घ्यायची होती.

साहेब आले ते घरची बाटली बगलेत मारूनच.

"शेजारी शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय चव कळत नाही, घाटोळे."

देवानंदने एक ग्लास साहेबांच्या बाटलीतून, दुसरा फ्रीजमधल्या बाटलीतून भरला आणि तो भजी आणायला आत गेला. दारातच दारूच्या वासाचा भपकारा आला. वसुंधराबाईंचं डोकं मेंदीने लिंपून झालं होतं आणि रिकामी बाटली परातीशेजारी उभी होती. त्याने ताराला बाजूला घेतलं.

"मेंदी कशात भिजवली वं तू?"

"फ्रीजमधल्या चहात. कावून?"

"तुले वास नाई येऊन राहिला?"

"मले काय येईन? सकाळपासून नाक बंद हाये माझं."

देवानंद धावत बाहेर आला तर साहेबांचा घोट घेऊन झाला होता. डोळे मिटलेले.

"ही माझी रोजची. गोडसर, साधी. पण तुझी..." साहेबांनी ओठ चाटले. "आधी धूर, मग जुनं लाकूड, आणि शेवटी जिभेवर अगदी पुसट लोखंड! वीस वर्षांची तरी असेल."

"काल... म्हणजे, असन साहेब."

दुसऱ्या ग्लासाला साहेबांची जीभ जड झाली. तिसऱ्याला त्यांनी देवानंदला मिठी मारली. "सेक्टर दहा तुझं. उद्याच लिहितो." तेवढ्यात वसुंधराबाई डोक्याला प्लास्टिक बांधून बाहेर आल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! काय फासलंयस हे? गावठी भट्टीचा वास येतोय!"

निघताना देवानंदने झोकांड्या खाणाऱ्या साहेबांना कसंबसं रिक्षात बसवलं. वसुंधराबाई दारात थांबल्या आणि ताराच्या कानाशी लागल्या.

"खरी माझ्या डोक्यावर आली. म्हणजे बाहेर चहाच गेला ना?"

तारा रडकुंडीला आली. "बाई, चुकून झालं हो. साहेबांले सांगू नका."

"मी कशी सांगू? डॉक्टरांनी त्यांची बंद केल्यापासून घरची बाटली मीच भरते. पण माझा चहा ॲल्युमिनियमच्या पातेल्यातला, त्याला ही चव कुठली? आता रोज हीच मागतील. तुमची कढई द्याल का?"

महिनाभरात क्वार्टर मिळालं. देवानंदच्या आईने सेक्टर दहात खाटेवर पाय पसरले आणि ती पहिल्यांदाच दुपारपर्यंत झोपली. तारा मात्र नव्या स्वयंपाकघरात कुरकुरत होती. कढईशिवाय तिच्या भाजीला पूर्वीची चव येत नव्हती.