वेंकोबाअण्णांचं तेजाब

वेंकोबाअण्णा परसात घंटा वाजवायचे तेव्हा गल्लीतल्या बायका हात जोडत नसत. दोरीवरची लुगडी ओढून घरात पळत. घंटा तीनदा वाजली की समजायचं, अण्णा आता तेजाबाची बरणी उघडणार. समोरच्या राजम्मा पोपटाचा पिंजरा उचलून आत न्यायच्या. मग पत्र्याच्या शेडमधून तांबूस तपकिरी धूर निघायचा आणि कौलांवरून सावकाश पुढं सरकायचा. नगरतपेठेतल्या त्या घराच्या माडीवर, बरोबर शेडच्या डोक्यावर, मी भाड्यानं राहत होतो.

पन्नासनंतरची ती वर्षं. पुण्याहून मी बंगळुरात आलो होतो, एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. पहिली घंटा ऐकली तेव्हा मला वाटलं, आरती आहे. प्रसादाच्या आशेनं मी खाली उतरलो आणि खोकत खोकत वर आलो. मागून अण्णांचा आवाज आला, "स्वल्प मागं! कुलकर्णीसाहेब, स्वल्प मागं सरा!"

'स्वल्प मागं' हे अण्णांचं पालुपद. तेजाबाजवळ ते इतरांना म्हणायचे आणि एरवी स्वतः पाळायचे. गाय दिसली की स्वल्प मागं. न्हाव्यानं वस्तरा उघडला की स्वल्प मागं. त्यामुळे त्यांची दाढी कायम अर्धी. पोस्टमनला तर ते दारातून कधी सामोरे गेलेच नाहीत. खिडकीची फळी जराशी उघडून दोन बोटं बाहेर काढायचे आणि पत्र आत ओढायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आले होते. अण्णा सायकलला भ्यायचे.

आणि हाच माणूस शेडमध्ये शिरला की वेगळा व्हायचा. पेठेतले सराफ जुने डाग, मोडके दागिने, जरीच्या चिंध्या त्यांच्याकडे पाठवत. अण्णा ते सगळं विरघळवून त्यातून शुद्ध सोनं वेगळं करून देत. सोनं विरघळतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तिथं.

"शोऱ्याचं तेजाब एक भाग, मिठाचं तीन," ते सांगायचे. "एकेकटं कुणी सोन्याचं काही वाकडं करू शकत नाही. दोघं एक झाले की संपलं."

"अण्णा, तुम्हाला याची भीती नाही वाटत?"

"तेजाबाची कशाला? ते आधी फसफसतं, धूर सोडतं, मग चावतं. सांगून चावतं बघा. माणूस सांगत नाही."

मला मात्र भीती वाटायची. माझ्या अंथरुणाखाली फळ्या, फळ्यांखाली शेड आणि शेडमध्ये माणूस गिळणाऱ्या बरण्यांची रांग. खोली बदलायचं मी पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात माझी धाकटी बहीण वत्सला माझ्याकडे राहायला आली.

वत्सला तेविसाव्या वर्षी विधवा झाली होती. तिचं सासर नगरकडचं. तिथून ती एक पत्र्याची पेटी आणि आईच्या दोन पाटल्या घेऊन निघाली होती. आई तिच्या लग्नाआधीच गेली. जाताना हातातल्या पाटल्या काढून तिनं वत्सलाच्या हातात घातल्या होत्या. वेलाची नक्षी, आणि मध्ये चोचीला चोच लावलेले दोन राघू. त्यातला एक राघू आईच्या रोजच्या भांडी घासण्यानं झिजला होता. वत्सला आता पाटल्या घालत नव्हती. उशीखाली ठेवून त्या झिजलेल्या राघूवरून अंगठा फिरवायची.

शनिवारी पोस्टकार्ड आलं. अण्णांनी नेहमीप्रमाणे दोन बोटांनी ते आत ओढलं आणि माझ्या हातात दिलं. वत्सलाच्या थोरल्या दिरांचं कार्ड होतं. 'येत्या रविवारी येत आहोत. घराण्याचे सोने परक्या मुलखात ठेवणे योग्य नाही. पाटल्या तयार ठेवाव्यात.'

घराण्याचं सोनं! माझ्या आईच्या पाटल्या! वत्सला भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या ओठांचा रंग गेला. "दादा, ते हातातून ओढून नेतात. जाऊबाईंचा गोठ असाच नेला होता. मनगट सुजलं होतं त्यांचं."

मी म्हणालो, आपण लपवू. ती म्हणाली, ते पीठसुद्धा चाळून बघतात. मी म्हणालो, नाहीत म्हणून सांगू. ती म्हणाली, "देवावर हात ठेवायला लावतात. माझ्याच्यानं खोटी शपथ घेववणार नाही." मला त्या माणसाचे खांदे आठवत होते, लग्नात त्यांनी एका हातानं पाण्याचं पिंप सरकवलं होतं. मी काही शूर नव्हे.

अण्णा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अक्का, पाटल्याच नसल्या तर शपथ खोटी कशी होईल?"

आम्हाला कळेना.

"उद्या पाटल्या नसतील. सोनं असेल."

वत्सलाला समजलं तेव्हा तिनं पाटल्या छातीशी धरल्या. अण्णा खाली गेले. अर्ध्या तासानं ती आपण होऊन खाली गेली आणि पाटल्या त्यांच्या हातात ठेवून म्हणाली, "मी बघणार नाही." अण्णा पाटल्या घेऊन आत गेले. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग घंटा वाजली.

मी आत जाऊन बघितलं. काचेच्या भांड्यात पाटल्या बुडाल्या, कडेनं बुडबुडे धरले, तपकिरी धूर उसळला. वेल आधी गेला. मग राघू. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भांड्यात नारिंगी पिवळं पाणी होतं आणि तळाशी थोडा पांढरा गाळ. वर्षानुवर्षं आईच्या हातात वाजलेली वस्तू आता पाण्यासारखी हलत होती.

अण्णांनी ते पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत भरलं आणि शेडमधल्या फळीवर, उघड्यावर, इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवलं. वर कागद चिकटवून कानडीत एक शब्द लिहिला.

"काय लिहिलंत?"

"चिन्न."

"चिन्न म्हणजे सोनं ना? अहो अण्णा!"

"मग काय लिहू? खोटं लिहायची भीती वाटते मला," अण्णा म्हणाले.

रविवारी दुपारी दीर आले. बरोबर त्यांचा एक मेव्हणा होता, दारात मावणार नाही असा. पाणी प्यायल्यावर त्यांनी पेटी उलटी केली. मग गाद्या, पिठाचा डबा, देव्हारा. वत्सलाच्या हातात अन्नपूर्णा देऊन म्हणाले, "शपथ घे."

"पाटल्या नाहीत," वत्सला म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "माझ्याकडे नाहीत, दादाकडे नाहीत, कुणाकडेच नाहीत."

दीर चपापले. मग त्यांचं लक्ष खालच्या शेडकडे गेलं. मी अडवायला हवं होतं. मी नुसता मागोमाग गेलो. आम्ही पोचलो तेव्हा ते फळीसमोर उभे होते आणि अण्णा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून. दिरांनी एकेक बाटली उचलून बघितली आणि नेमकी तीच हातात धरून उजेडात हलवली.

"हे काय?"

"चिन्न," अण्णा म्हणाले.



"चिन्न म्हणजे?"

अण्णांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. "पिवळं असतं ते. बायकांना त्याचा फार गुण येतो."

"औषध होय," म्हणत दिरांनी बूच ओढलं, वास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. बुचाचा एक थेंब त्यांच्या तर्जनीवर ओघळला. तेवढ्यात अण्णा कोपऱ्यातून धावले. गाईला भिणारा तो माणूस त्या दोन पैलवानांच्या मधे शिरला, बाटली हातातून काढून घेतली आणि ओरडला, "स्वल्प मागं!" मग त्यांनी दिरांचा हात धरून बादलीत घातला, सोडा लावून धुतला, परत धुतला. दीर इतके गोंधळले की त्यांनी हात धुऊ दिला.

संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे गेले. मी आनंदानं अण्णांना मिठी मारणार होतो, पण ते पायरीवर डोकं धरून बसले होते.

"बोटाला लागलं ना त्यांच्या. उद्या ते बोट जांभळं होणार."

"म्हणजे?"

"सोन्याचं पाणी कातड्याला लागलं की डाग जांभळा पडतो. धुतलं तरी पडतो. गावातल्या कुठल्याही सोनारानं बोट बघितलं की सांगेल, अरे, याला सोनं लागलंय. मग ते परत येतील."

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही तिघंही खिडकीच्या फळीमागे काढले. गल्लीत टांगा थांबला की वत्सला जेवणावरून उठायची. मी कारखान्यात रेघ मारायला जायचो आणि पट्टीच थरथरायची. अण्णांची तर उरलेली अर्धी दाढीही व्हायची बंद झाली. रस्त्यात कुणाचं जांभळं बोट दिसेल म्हणून ते लोकांच्या हातांकडे बघत नसत.

मग पत्र आलं. दिरांचंच. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून परत वाचलं. 'तुमच्या घरमालकाने माझ्यावर करणी केली आहे. गाडीतच बोट जांभळे पडले. इथल्या देवऋषाने सांगितले की तो म्हातारा जबरदस्त आहे, त्याच्या वाटेस जाऊ नये. तुमच्या बहिणीचा व आमचा संबंध संपला. कृपया अधिक काही करू नये.'

वत्सला कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता रडली. अण्णांनी मात्र विचारलं, "बोट दुखतं असं लिहिलंय का?"

"नाही."

"त्यांना कळवा, कातडं बदललं की डाग आपोआप जातो. उगीच भीत बसतील बिचारे." त्यांनी माझ्याकडून तसं कार्ड लिहूनही घेतलं. ते कार्ड मी टपालपेटीत टाकलं नाही, हे इथं कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाटली उतरवली. या खेपेला वत्सला समोर उभी राहिली. अण्णांनी ते पाणी मंद आचेवर आटवलं, गाळलं आणि त्यात हिराकशीचं हिरवट पाणी ओतलं. पिवळं पाणी गढूळ झालं. तळाशी चिखलासारखी तपकिरी भुकटी बसली.

"हे काय झालं?" वत्सला किंचाळली. "नासलं! अण्णा, माझ्या आईचं सोनं नासलं!"

"अक्का, थांबा."

भुकटी धुऊन, टाकणखार घालून त्यांनी मुशीत टाकली आणि भात्यानं फुंकू लागले. फुंकताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी चिमट्यानं मूस तिरपी केली. आत थेंबाएवढा सूर्य होता. वत्सलानं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

पाटल्या करून घ्यायला अण्णांनी सोनं ओळखीच्या सोनाराकडे दिलं. वत्सला म्हणाली, साध्या करा, नक्षी आता कुणाला आठवतेय. महिन्यानं अण्णांनी तिच्या हातात पुडी ठेवली. तिनं ती उघडली. वेल होता. चोचीला चोच लावलेले राघू होते. आणि त्यातला एक राघू झिजलेला होता.

"अण्णा, हे कसं?"

अण्णा ओशाळले. पलंगाखालून त्यांनी एक पत्र्याची ट्रंक ओढली. आत लाखेच्या वड्या होत्या, शेकडो, चिंध्यांत गुंडाळलेल्या. प्रत्येक वडीवर एकेका दागिन्याचा ठसा आणि मागे कोरलेलं नाव. कुणाची ठुशी, कुणाची वाकी, कुणाच्या कमरपट्ट्याचा आकडा. वरच्याच वडीवर वत्सलाचे राघू होते.

"तेजाबात टाकण्याआधी ठसा घेतो," ते म्हणाले. "सराफाला नुसतं सोनं हवं असतं. कुणीतरी ते अंगावर घातलेलं असतं ना. ते असं एकदम नाहीसं करायची भीती वाटते."

वत्सला एकेक वडी हातात घेऊन ठसे बघत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यात तुमच्या घरचं काय आहे?"

अण्णांनी ट्रंकेत उगीचच काहीतरी सारखं केलं. "मुलगी होती एक. तुंगा. आई तिची बाळंतपणातच गेली. तुंगाला घटसर्प झाला, औषधाला पैसे हवे होते. सराफ शुद्ध केल्याशिवाय घेईना, म्हणून तिच्या पायातले वाळे मीच विरघळवले. पहिलंच काम ते माझं. औषध आणलं, पण..."

त्यांनी वत्सलाच्या हातातली वडी घेऊन परत चिंधीत गुंडाळली. "तेव्हा ठसा घ्यायचं सुचलं नाही. वाळ्यांवर काय नक्षी होती, मला आठवत नाही, अक्का. खूप आठवून बघितलं."

वत्सलानं ट्रंकेचं झाकण हळूच मिटलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"वाजायचे का ते?"

"वाजायचे तर! आत खडे होते."

"कसे वाजायचे?"

अण्णा बराच वेळ मान वाकडी करून ऐकल्यासारखे बसले. मग बोटांच्या टोकांनी त्यांनी ट्रंकेच्या पत्र्यावर वाजवायला सुरुवात केली. आधी अगदी हलकं, दोन-तीन पावलं. मग थांबले. मग एकदम भरभर, धडपडत, खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं कुणीतरी धावत गेल्यासारखं.