नळीतला नवा रेणू

"हा रेणू आजवर जगात कुणी पाहिलेला नाही!" भाऊंनी छाती फुगवून जाहीर केलं.

भाऊ रसायनतज्ज्ञ. झाडांच्या साली उकळता उकळता केस पांढरे झाले, बढती दोनदा हुकली. पण शोध म्हणून काही हाती लागलं नव्हतं. आता मात्र मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावर दोन सुळके ताठ उभे होते! हे यंत्र रेणू फोडून तुकड्यांची वजनं सांगतं. त्यावरून मूळ रेणू कसा होता ते ओळखायचं. म्हणजे फुटलेल्या कपाच्या ठिकऱ्या तोलून कपाला कान होता की नव्हता, ते सांगायचं!

यंत्र सांभाळणाऱ्या ताई रजेवर होत्या. भाऊंनी स्वतःच बटणं दाबली आणि स्वतःच रेणूची रचना काढली.

संचालक धावतच आले. "वा! आपला शोध!" दुपारपर्यंत शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं आणि भाऊंचं चौथं लागलं. भाऊंनी तेही गिळलं. घरी बायकोने बहिणीला कळवलं, बहिणीने सगळ्या नात्यागोत्यात!

सोमवारी भरल्या सभागृहात भाऊंनी आलेख दाखवला. रजेवरून परतलेल्या ताई मागून उठल्या.

"भाऊ, नमुना कशात ठेवला होता?"

"प्लास्टिकच्या नळीत. का?"

"आधी त्या नळीत सालीशिवाय, साल विरघळवायचं नुसतं द्रावक घालून पाहिलं होतं?"

"त्यात काय बघायचं!"

"हा एकशे एकोणपन्नास वजनाचा सुळका प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचा आहे, भाऊ. नळीतून द्रावकात उतरलंय."

भाऊ तावातावाने सगळ्यांना यंत्रापाशी घेऊन गेले. ताईंनी त्याच नळीतलं नुसतं द्रावक आत सोडलं. सालीचा कणही नाही, आणि तेच दोन सुळके! कुणीतरी फस्सकन हसलं.

संचालकांनी घसा खाकरला. "मला पहिल्यापासून शंका होतीच. निबंधावरचं माझं नाव काढा. हे काम भाऊंचं एकट्याचं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊंना पूर्ण श्रेय मिळालं!

घरी बातमी आधीच पोचली होती. बायको दारातच उभी होती.

"म्हणजे तो रेणू खोटा?"

"खरा आहे गं. पायपुसण्यात आहे, पडद्यात आहे, तुझ्या चपलेतसुद्धा आहे."

ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, पण माझ्या बहिणीला काय सांगू? तिने तुमचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय."