विषय : कार्यालय बिनतारी करणेबाबत

बनशंकरीच्या मराठी हितवर्धक संघाच्या कार्यालयाला दोन खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं. बाहेरच्या खोलीत हेडक्लार्क नरसिंहराव लाड बसत, आतल्या खोलीत कार्यवाह हयवदनराव. दोन टेबलांमधलं अंतर अकरा पावलं. नरसिंहराव हातात कागद घेऊन ही अकरा पावलं सत्तावीस वर्षं चालत आले होते आणि संघाच्या कारभारात याहून वेगवान असं दुसरं काहीही नव्हतं. १९९९ सालच्या जून महिन्यात ही अकरा पावलं वाचवायचं ठरलं.

त्याचं असं झालं, की एका उदार सभासदाने संघाला दोन कॉम्प्युटर भेट दिले. एक बाहेर ठेवला, एक आत. ते एकमेकांना जोडले, म्हणजे नरसिंहरावांनी बाहेर टाइप केलेला कागद हयवदनरावांना आत बसल्या जागी दिसणार होता. पण जोडायला वायर हवी आणि वायरीला भोक हवं. मधल्या भिंतीवर तर या टोकापासून त्या टोकापर्यंत देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. भोक कुणाच्या नावातून पाडायचं, या प्रश्नावर कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठकांत प्रत्येकाने दुसऱ्याच्या आजोबांचं नाव सुचवलं. वायर दारातून नेऊ म्हटलं, तर उंबऱ्यावरची वायर ओलांडून लक्ष्मी आत कशी येणार, असं खजिनदारांनी विचारलं. तो विचारही बारगळला.

"अहो, पण वायर हवीच कशाला?" नीलिमा म्हणाली. ही पुण्याची. शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीला राहायची, सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि कार्यकारिणीत नवं रक्त असावं म्हणून तिला घेतलं होतं. ते रक्त बोलेल, अशी कुणाची अपेक्षा नव्हती. "माझ्याकडे दोन वायरलेस अ‍ॅडॉप्टर आहेत, अमेरिकेहून आणलेले. प्रत्येक मशीनमध्ये एक कार्ड टाकायचं, बस. सिंपल."

संघाचा कारभार घटनेप्रमाणे शुद्ध मराठीत चाले. हयवदनरावांनी कोश उघडला, 'वायरलेस'ला 'बिनतारी' हा शब्द काढला आणि ठराव क्रमांक सात लिहिला : "संघाचे कार्यालय बिनतारी करण्यात यावे. यापुढे दोन खोल्यांमधील सर्व कागद बिनतारी मार्गानेच जातील." ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात 'कार्यालय' नव्हे, 'कॉम्प्युटर' असं लिहायला हवं होतं, हे नीलिमाच्या लक्षात आलं, पण तोवर उप्पिट आलं होतं.

नरसिंहरावांचं सगळं लक्ष मात्र शिवमोग्ग्याकडे लागलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी भाग्यलक्ष्मी तिथे दिली होती. पहिलटकरीण. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावल्यामुळे बाळंतपण माहेरी न होता तिकडेच व्हायचं होतं आणि नरसिंहरावांच्या पत्नी प्रेमाबाई महिनाभर आधीच तिच्याजवळ जाऊन राहिल्या होत्या. भाग्यलक्ष्मी स्वतः कोलारला आजोळी जन्मली, तेव्हा नरसिंहरावांना रजा मिळाली नव्हती. लेकीचं तोंड त्यांनी एकविसाव्या दिवशी पाहिलं. ही हकिगत त्या मुलीला कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवली होती. मागच्या भेटीत ती म्हणाली, "अप्पा, ह्या वेळी तरी वेळेवर याल ना?" नरसिंहरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून "येतो" म्हटलं होतं.

येणं सोपं नव्हतं. संघाच्या घटनेचं चौदावं कलम, १९३१ सालचं, असं : "सेवकास तातडीची रजा तार आल्याशिवाय मिळणार नाही." या कलमामुळे संघात एक प्रथाच पडून गेली होती. ज्याला रजा हवी, त्याने आधी नातेवाइकांना पत्र टाकून तार मागवायची. कोलारहून आलेल्या तारांनुसार नरसिंहरावांच्या सासूबाई आजवर चार वेळा वारल्या होत्या आणि चारही वेळा अंत्यविधीला आलेल्या जावयाला त्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं होतं. हयवदनरावांना हे ठाऊक होतं. तरी दर वेळी ते उभे राहून एक मिनिट शांतता पाळत.

शनिवारी नीलिमा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. तिने कॉम्प्युटरची पाठ उघडली आणि आतल्या रिकाम्या फटीत कार्ड दाबून बसवलं. मागून अंगठ्याएवढी काळी दांडी बाहेर आली, ती अँटेना. मग फ्लॉपी घालून ड्रायव्हर चढवला. हयवदनराव चष्मा कपाळावर सारून पाहत होते.

"नीलिमाअक्का, मग ही मागची तार कसली?"

"सर, ती पॉवर केबल आहे. मशीनला करंट नको का?"

"ठरावात बिनतारी म्हटलंय."

"अहो सर, वायरलेस म्हणजे फक्त नेटवर्क वायरलेस!"

"तसं ठरावात नाही की." हयवदनरावांनी विचार केला. "सरी, असू दे. विजेची तार अपवाद म्हणून टिपून ठेवतो. बाकीच्या तारा बघायला हव्यात."

बाकीच्या तारा त्यांनी सोमवारपासून बघितल्या. मागच्या अंगणातली धोतरं वाळत घालायची तार गेली. कुंपणाची काटेरी तार गेली आणि शेजारच्या गल्लीतल्या गाई आवारात आजीव सभासद असल्यासारख्या वावरू लागल्या. भजनी वर्गाच्या तंबोऱ्याच्या चारही तारा काढून घेतल्या. वर्ग घेणाऱ्या बाईंनी तो तसाच मांडीवर घेऊन गायला सुरुवात केली आणि ऐकणाऱ्यांना काही फरक कळला नाही. शेवटी पाळी आली टेलिफोनची. मिळायला सात वर्षं लागलेला फोन, जायला एक दिवस पुरला.

"साहेब," नरसिंहराव अजिजीने म्हणाले, "माझ्या घरी फोन नाही. शिवमोग्ग्याहून निरोप ह्याच फोनवर यायचा होता."

"निरोप कशाला हवा? तार येईल की!" हयवदनराव म्हणाले.

कार्डं मात्र एकमेकांना ओळख देईनात. दाराशी एक लोखंडी कपाट होतं. नीलिमा म्हणाली, लोखंडातून सिग्नल जात नाही, कपाट हलवा. पण जडवस्तू नोंदवहीत कपाटाची जागा 'दाराच्या डावीकडे' अशी नोंदलेली होती, तेव्हा ते हलवणं शक्य नव्हतं. कॉम्प्युटरांची जागा अजून नोंदवायची राहिली होती, म्हणून कॉम्प्युटर हलवले. दोन्ही तीन-तीन पावलं पुढे घेतल्यावर पडद्यावर क्षणभर एकमेकांची नावं दिसली. आणखी एकेक पाऊल घेतल्यावर ती जरा टिकली. असं करता करता दोन्ही टेबलं दारात येऊन भिडली. उंबऱ्याच्या अलीकडे नरसिंहराव, पलीकडे हयवदनराव आणि दोघांच्या कोपरांत चार बोटांचं अंतर. दार त्यामुळे बंदच झालं. ज्यांचं आत काम असे, ते मागच्या अंगणातून गाईंना बाजूला सारत येऊ लागले.

नेटवर्क आता कधीमधी चालू लागलं. नरसिंहराव कागद टाइप करत, पाठवत आणि मान वळवून म्हणत, "पाठवलंय, साहेब." हयवदनराव पडद्यावरून नजर न हलवता म्हणत, "आलं नाही अजून." मग दोघंही हातावर हात ठेवून वाट बघत बसत. संघाच्या मासिक अहवालात 'दोन खोल्यांमधील अंतर पूर्णपणे नाहीसे झाले' असं छापून आलं, आणि ते खरंच होतं.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला तारवाला शिवाप्पा पुढच्या दारातून आत आला.

"नरसिंहराव अण्णा, तंति बंदिदे! तार आलीय, शिवमोग्ग्याची!"

तार प्रेमाबाईंची होती. भाग्याला दवाखान्यात नेलंय, ताबडतोब निघा. नरसिंहरावांनी ती दोनदा वाचली. सत्तावीस वर्षांत त्यांना आलेली ही पहिली खरी तार. साडेअकराची बस धरली, तर दिवेलागणीला ते लेकीजवळ पोचणार होते.

"साहेब, तार," ते म्हणाले आणि त्यांनी ती पुढे केली. हयवदनरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नरसिंहराव, कार्यालय बिनतारी आहे. तार घेता येत नाही."

"अहो, पण कलम चौदा म्हणतंय, तारेशिवाय रजा नाही!"

"म्हणतंय की. मी कुठे नाही म्हणतोय? तारेशिवाय रजा देता येत नाही, आणि तार घेता येत नाही. दोन्ही बरोबर आहे."

"मग मी करायचं काय?"

हयवदनराव दुष्ट नव्हते. तेही कुणाचे तरी अप्पा होते. त्यांनी घटना चाळली, ठराव चाळला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"असं करा. तारेतला मजकूर टाइप करून इकडे पाठवा. बिनतारी आलेली तार ही तार राहत नाही आणि मजकूर तर तारेचाच असतो. कलमही राखलं, ठरावही राखला. माझ्या पडद्यावर आली, की त्या क्षणी मंजूर!"

नरसिंहरावांना त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी भराभर मजकूर टाइप केला आणि पाठवला. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथेच राहिलं. आसपासच्या कॉम्प्युटरांची नावं दाखवणारं एक चित्र असे, त्याला ते 'शेजार' म्हणत. त्यांनी ते उघडून पाहिलं. शेजार रिकामा होता.

"साहेब, तुम्ही दिसत नाही."

"मी इथेच आहे की!"

"मशीन म्हणतंय, शेजारी कुणी नाही."

हयवदनरावांनीही आपला शेजार उघडला. "माझ्यातही तुम्ही नाही," ते काळजीने म्हणाले.

"साहेब, मी नुसती वाचून दाखवू का? तीन ओळींचीच तर आहे."

"नको, नको!" हयवदनरावांनी कानांवर हात ठेवले. "एकदा ऐकली, की ती मला ठाऊक आहे असं होईल. मग नोंद कशी करायची? स्वल्प थांबा, येईल."

नीलिमाला बोलवावं, तर फोन नव्हता. अँटेना उजवीकडे वाकवून पाहिली, डावीकडे वाकवून पाहिली. मशीन बंद करून चालू केलं. हयवदनरावांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली. साडेअकरा वाजले, बस गेली. शिवाप्पा अजून तिथेच घुटमळत होता.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "दुपारची बस आहे अजून. सायकलवर बसा, स्टँडपर्यंत सोडतो मी."

नरसिंहरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना देवळाबाहेरच्या चपला चोरायला सांगितलं होतं. "रजा मंजूर नाही रे, शिवाप्पा," ते म्हणाले. शिवाप्पा सायकल घेऊन निघून गेला. दुपारची बसही गेली. पाच वाजता हयवदनरावांनी भरल्या डोळ्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि म्हणाले, "उद्या लवकर या. आपण दोघं प्रयत्न करू."

शुक्रवारी दोघं आठ वाजताच आले. बारापर्यंत काही झालं नाही. बारा वाजता मागच्या अंगणातून एक गाय आत शिरली. तिने अंग खाजवायला लोखंडी कपाटाला रेटा दिला, कपाट हातभर सरकलं आणि हयवदनरावांच्या पडद्यावर तार येऊन उभी राहिली. त्यांनी शब्द पाळला. त्याच क्षणी रजा मंजूर केली, दही नव्हतं, तर कोरडी का होईना म्हणून नरसिंहरावांच्या हातावर साखर ठेवली आणि ते बाहेर पडताच कपाट नोंदवहीप्रमाणे पुन्हा जागेवर सरकवून घेतलं.

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या वेळेत नरसिंहराव लेकीच्या खाटेशी जाऊन बसले. मुलगी झाली होती. गुरुवारी संध्याकाळी, आठच्या सुमाराला. अडलेलं बाळंतपण होतं. भाग्यलक्ष्मी दिवसभर "अप्पा आले का?" विचारत होती, असं प्रेमाबाईंनी सांगितलं आणि त्या पाणी आणायला निघून गेल्या.

नरसिंहरावांनी लेकीला सगळं नीट समजावून सांगितलं. कार्ड, अँटेना, कपाट, ठराव सात, कलम चौदा. काहीही गाळलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अप्पा, तुम्हाला बाहेर पडायला वाट नव्हती का?"

"होती की. पुढचं दार उघडंच होतं."

"हयवदनकाकांनी धरून ठेवलं होतं?"

"छे गं! तो बिचारा रडत होता."

"मग?"

नरसिंहरावांनी नातीच्या मिटलेल्या मुठीला बोट लावलं. त्यांना काहीतरी वेगळं बोलायचं होतं, पण जे तोंडातून आलं ते असं : "रजा मंजूर नव्हती, बाळा."

भाग्यलक्ष्मीने मुलीला जवळ घेतलं आणि कूस बदलली.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर तार खिशात घालून सरळ उठून चालू लागला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त उद्या कामावर गेल्यावर तेवढं एकदा साहेबांसमोर मोठ्याने बोलून दाखवा.